चिंचेवरचं मंडळ

नदीवर पूल झाला त्याच्याही आधीची गोष्ट. काठावरच्या चिंचेवर रानमांजर चढलं आणि साळुंकीच्या घरट्याकडे निघालं. साळुंकी जीव तोडून ओरडली. बुलबुल आले, खारी आल्या, सगळ्यांनी एकच कालवा केला. मांजर पळालं. त्याच दिवशी चिंचेवर मंडळ स्थापन झालं आणि शांत स्वभावाचा म्हणून होला पक्षी अध्यक्ष झाला.

होला म्हणाला, "आता आरडाओरडा पुरे. त्यानं नवे सभासद बिचकतात." मग तो झाडोझाड फिरून गोड शब्दांत आमंत्रणं देऊ लागला. कुणी फिरकलं नाही. उलट रोजच्या सभांना कंटाळून जुनेही पांगले. साळुंकीला हे बघवत नव्हतं.

एके दुपारी मांजर समोरच्या आंब्यावर चढलं.

"ते आपलं झाड नव्हे," होला म्हणाला.

"मांजर तर तेच आहे ना?" असं म्हणून साळुंकी उडाली आणि आंब्यावर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडली. तिथली पाखरंही तिच्यासोबत ओरडली, तेव्हा कुठे मांजर उतरलं.

संध्याकाळी आंब्यावरची झाडून सगळी पाखरं चिंचेवर हजर झाली. होला चकित झाला. "मी इतक्यांदा बोलावलं, तेव्हा का नाही आलात?"

"तुम्ही सभेला बोलावत होतात," आंब्यावरची चिमणी म्हणाली. "आमच्याकडे मांजर आलं, तेव्हा ही न बोलावता आली."