माऊसवरचा दुसरा हात

"पण महाराज, आता कॉम्प्युटर कधी अडत नाही, तरी अप्पा त्याला हात का लावत नाहीत?"

सोमपुरी महाराजांनी मान वर केली नाही. पूजेची वेळ होत आली होती. ते सहाणेवर चंदनाचं खोड उगाळत होते.

विचारणारा श्रीरंग कॉम्प्युटरमधला माणूस, शहरात मोठ्या हुद्द्यावर. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याच्या नजरेतून कधी सुटलं नव्हतं. लहानपणापासून तो वडिलांचं, अप्पांचं, बोट धरून टेकडीवरच्या या मठात यायचा. आज एकटा आला होता.

त्याने सगळं सांगितलं. अप्पा खालच्या मजल्यावर राहतात, तो वरच्या. आई गेल्यावर अप्पांना तिच्या फोटोंचा नाद लागला. एकेक फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा, बघत बसायचं, मग मनाला येईल त्या फोल्डरमध्ये टाकायचा. मध्येच काहीतरी अडायचं आणि जिन्याखालून हाक यायची, श्रीरंगा, जरा ये रे. सारखं खाली-वर करून श्रीरंग वैतागला. शेवटी त्याने घरातल्याच वायफायवर दोन्ही कॉम्प्युटर जोडून टाकले.

"आता खुर्चीतून उठावंसुद्धा लागत नाही. त्यांचा अख्खा स्क्रीन मला वर दिसतो. मी वर माऊस हलवला की खालचा बाण हलतो."

"आणि दोघांनी हलवला तर?"

श्रीरंगला हसू आलं.

"तीच तर गंमत. मी बाण इकडे न्यायचो, ते तिकडे ओढायचे. एका रविवारी मी सगळे फोटो सालवार लावायला घेतले, तर आईच्या एका फोटोवरून ते बाण हलूच देईनात. शेवटी फोन केला. म्हटलं, अप्पा, हात काढा, मी करतो."

"मग?"

"मग काढला. काम चुटकीसरशी झालं."

"तू काम करत होतास तेव्हा ते काय करत होते?"

"ते... काय माहीत. वरून स्क्रीन दिसतो, महाराज. माणूस नाही दिसत."

महाराज उगाळत राहिले.

श्रीरंगचा आवाज जरा उतरला. त्या रविवारपासून खालच्या कॉम्प्युटरवर चादर पडली होती. हाक बंद झाली होती. आणि आता अप्पांनी बॅग भरली होती. परवा ते नांदेडला आपल्या बहिणीकडे जाणार होते, कायमचे. का जाताय म्हणून विचारलं, तर म्हणाले की इथे मला काही काम उरलं नाही.

"मी तर त्यांचा त्रास वाचवला ना?"

महाराजांनी सहाण त्याच्यापुढे सरकवली.

"उगाळ."

श्रीरंगने खोड हातात घेतलं. कुठलंही काम तो झपाट्याने करी, हेही त्याने तसंच सुरू केलं. जरा वेळाने महाराजांनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या हातावर ठेवला. तो हात सावकाश फिरत होता, आणि उलट्या दिशेने. खोड अडखळलं. पाणी सांडलं.

पूजेला उशीर होत होता.

"महाराज, हात काढा, मी करतो."

महाराजांनी लगेच हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते सहाणेकडे बघत बसले. रागावले नव्हते. नुसते बघत होते, जणू तिथे त्यांचं काहीच नव्हतं.

श्रीरंगने आणखी दोन-चार फेरे मारले.

मग त्याची नजर त्या मांडीवरच्या हातांकडे गेली...

खोड थांबलं.

अप्पा असेच बसले असतील. समोर आईचे फोटो आपोआप हलत असतील, आपापल्या सालात जाऊन बसत असतील, आणि हे बघत असतील. शेवटी तो एक फोटोही गेला असेल. तो कुठला होता, तेही श्रीरंगला आठवेना. आठवेना याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

त्याने सहाण हळूच महाराजांकडे सरकवली.

"हात ठेवा ना, महाराज. तुम्ही न्याल तसं उगाळू."

महाराजांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"ठेवा ना..."

महाराजांनी सहाणेवरच्या दाट गंधाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"आता गंध झालं, श्रीरंगा."