परवाना रद्द करण्याचं कारण

मिरजेच्या विमलताई खोतांची पहारेकरी पुरवणारी एजन्सी होती. एकदा परवाना अधिकारी घोसाळकरसाहेब तपासणीसाठी एजन्सीचा पहारा असलेल्या एका गोदामावर गेले, पण ओळखपत्र घरीच विसरले. फाटकावरच्या शेवंताबाईने त्यांना काही केल्या आत सोडलं नाही. साहेब अर्धा तास उन्हात तापले आणि तणतणत परतले.

दुसऱ्याच दिवशी विमलताईंना बोलावणं आलं.

“सरकारी अधिकाऱ्याला अडवता? तुमचा परवाना रद्द!” साहेब गरजले.

त्या परवान्यावर चाळीस घरं जगत होती. पण चेहऱ्यावर काही न दाखवता विमलताई म्हणाल्या, “करा साहेब. फक्त आदेशात कारण जसं घडलं तसं लिहा. ‘ओळखपत्र नसलेल्या माणसाला पहारेकरी बाईने आत सोडलं नाही.’ अपिलात मी तेवढा एकच कागद जोडीन.”

कारकून खिडकीकडे तोंड करून खोकू लागला. साहेबांनी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी फाइल मिटत ते पुटपुटले, “बरं, या खेपेला नुसती तोंडी ताकीद देतो.”

“तीही लेखीच द्या ना,” विमलताई उठता उठता म्हणाल्या, “नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला बरी पडेल!”