न फोडलेला गोटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राजाच्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात एका नदीकाठी वाळू धुऊन सोनं काढणाऱ्यांचं गाव होतं. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि लाकडी काठवटीत वाळू घेऊन हलक्या हातानं फिरवायची. वाळू वाहून गेली की तळाशी मोहरीएवढा एखादा कण उरायचा. तो सोनाराला द्यायचा आणि ज्वारी घ्यायची.

या लोकांचा एक नियम होता. नदीनं दाणा जसा दिला तसाच पुढे द्यायचा, फोडायचा नाही. आता मोहरी फोडायची बुद्धी कुणाला होणार? नियम पाळायला कुणाला काही कष्ट पडत नव्हते, आणि तो पाळतो म्हणून सगळे ताठ मानेनं फिरत.

त्या गावात झिंगरू राहत होता. घरात त्याची बायको पार्बता आणि पाच वर्षांची मुलगी भागी.

एकदा ओळीनं दोन वर्षं पाऊस आला नाही. नदी आटली. पाणीच नाही तर वाळू कशात धुणार? लोकांनी आधी तरोट्याचा पाला खाल्ला, मग झाडांच्या साली. भागीनं आधी खेळणं सोडलं, मग रडणं सोडलं. रडणं थांबल्यावर पार्बता तिच्या नाकाशी हात धरून श्वास पाहू लागली.

एके दिवशी झिंगरू कोरड्या पात्रात पिण्याच्या पाण्यासाठी झिरा खणत होता. हातभर खाली कुदळ अडली. त्यानं माती बाजूला केली, तर खाली कोहळ्याएवढा सोन्याचा गोटा. एकट्याला तो हलेना. गाव धावत आलं. म्हातारी माणसं गोट्याला हात लावून रडली, कारण सात पिढ्यांनी मिळून एवढं सोनं धुतलं नव्हतं.

पार्बता म्हणाली, "अवो, याचा लहानसा तुकडा पाडा आन् सोनाराकडे जा. पोरीच्या पोटात दोन दिवसांपासून काई नाई."

"आपल्यात दाना फोडत नाईत," झिंगरू म्हणाला.

गावातला सगळ्यात म्हातारा माणूस पुढे झाला. "बापू, तो नियम मोहरीचा हाय, कोहळ्याचा नाई. मी सांगतो तुले, फोड."

पण झिंगरूच्या मनात नियम नव्हताच. जन्मभर त्यानं कण वेचले होते आणि कणासारखाच तो जगला होता. आता एक मोठी गोष्ट त्याच्या हाती आली होती आणि ती मोठीच राहावी असं त्याला वाटत होतं. नियम आपला पुढे करायला बरा होता.

पार्बतानं कुदळ उचलली, तेव्हा त्यानं तिचा हात धरला. कुणी मधे पडलं नाही. ज्याला दाणा सापडला त्याचाच शब्द शेवटचा, हाही तिथला रिवाज होता.

कुंभाराच्या गाढवावर गोटा लादून झिंगरू बाजाराच्या गावी सोनाराकडे गेला. सोनाराच्या पारड्यात गोटा मावेना. सोनार म्हणाला, "हरभऱ्याएवढा कपचा काढून दे आन् पोतंभर ज्वारी घेऊन जा."

"घेशील तर अखंड घे."

"अखंड घ्यायले राजाच पाहिजे," सोनार हसून म्हणाला. तो थट्टेत बोलला होता, पण झिंगरूनं ते मनावर घेतलं.

तो रिकाम्या हातानं घरी आला आणि राजधानीला निघतो म्हणाला. राजधानी सात दिवसांच्या वाटेवर होती.

"सात दिवस जायले, सात दिवस यायले," पार्बता म्हणाली. "तवरक पोरीनं काय खायाचं?"

"राजाचं कोठारच घेऊन येतो," असं म्हणून त्यानं गाढव हाकललं.

पुढच्या मुलखात दुष्काळ कमी होता. गावोगावची माणसं गोटा पाहायला जमत आणि गोट्याच्या मालकाला जेवू घालत. पहिल्या दिवशी झिंगरूच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी उतरू लागला. पाचव्या दिवशी तो तिखटमीठ लावून आपली हकिगत सांगत होता आणि दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

राजानं गोटा पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "याच्या मोलाइतकं धान्य माझ्या साऱ्या राज्यात नाही. लहानसा तुकडा पाड. त्याच्या बदल्यात दहा गाड्या भरून देतो."

बायको बोलली होती, म्हातारा बोलला होता, सोनार बोलला होता. आता राजाही तेच बोलला आणि पुढे जायला दुसरं दार उरलं नाही. झिंगरूनं छिन्नी मागितली. दोन हलक्या टोल्यांत कोपरा निघून त्याच्या हातात आला. सोनं मऊ असतं. जन्म सोन्यात घालवलेल्या त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, कारण त्यानं ते कधी फोडून पाहिलंच नव्हतं.

एकाएकी त्याला घर आठवलं. तो गाड्यांसाठी थांबला नाही. गोटा तिथेच ठेवून, एक पोतं ज्वारी गाढवावर टाकून तो निघाला, आणि सात दिवसांची वाट त्यानं पाच दिवसांत तुडवली.

पार्बता उंबऱ्यावर बसली होती. तिनं पोत्याकडे पाहिलं नाही.

"भागी कुठी हाय?"

"चार दिवस झाले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. "रोज इचारे, बाबा तो गोटा काहून फोडत नाई म्हनून. मी सांगतलं, सोनं लय टनक असते बाई, कोनाच्यानं फुटत नाई. खरं हाय ना जी?"

झिंगरूनं मनातल्या मनात दिवस मोजले. भागी गेली तेव्हा ज्वारी वाटेत होती. त्यानं पोतं गाढवावरून उतरवलं आणि तिच्या पायाशी ठेवलं.

मागून राजाच्या गाड्या आल्या, त्यांतून गोटाही आला. झिंगरूनं तो सगळा फोडला आणि घराघरांत वाटला. पाऊस येईपर्यंत गाव त्यावर जगलं आणि लोक त्याला देवमाणूस म्हणू लागले. तो मान खाली घालून तुकडे पाडत राहिला. त्यातल्या एकाही तुकड्याला दोनपेक्षा जास्त टोले लागले नाहीत.

लहानांनो आणि मोठ्यांनो, वेळेवर मोडलेला एक कपचा जीव वाचवतो. वेळ गेल्यावर सोन्याचा डोंगर फोडला तरी तो जीव परत येत नाही.