ठिपकेवाल्या भुंगेऱ्याचं कूळ

डोंगराखालच्या एका गावात शंभूशास्त्री नावाचे गृहस्थ राहत. त्यांना किड्यांचा भारी नाद. सापडेल तो किडा ते डबीतून आणत, वाळवत आणि कपाटाच्या कप्प्यांत कुळवार मांडून ठेवत. कप्प्यांवर चिठ्ठ्या असत: हे पिकाचे मित्र, हे पिकाचे वैरी. गावकरीही त्यांना विचारल्याशिवाय किडा मारत नसत.

एकदा काकड्या पिकवणारी ठकूबाई एक तांबडा, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा घेऊन आली.

"शास्त्रीबुवा, वेलावर हे लई झालेत. मारू का ठेवू? पुढल्या सालचं समदं बी त्याच वेलावर हाय."

शास्त्रीबुवांनी पाठीवरचे ठिपके मोजले. "अहो, हा तर पिकाचा रस शोषणारी मावा कीड खाणारा. आपला मित्रच. हात लावू नका."

आठ दिवसांनी ठकूबाई परत आली. तिच्या हातातल्या पानाची पार चाळण झाली होती.

"दुसऱ्या कुणी खाल्लं असेल," शास्त्रीबुवा म्हणाले. "माझ्या कपाटात असे चाळीस भुंगेरे आहेत. एकानंही कधी पानाला तोंड लावलेलं नाही."

"मेल्यावर कोण खातंय, बुवा?"

पान बघायला जमलेले लोक खो खो हसले. शास्त्रीबुवांना राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. त्यांनी परातीत एका बाजूला माव्यानं भरलेली चवळीची शेंग ठेवली, दुसऱ्या बाजूला काकडीचं कोवळं पान. मध्ये ठकूबाईच्या वेलावरचा जिवंत भुंगेरा सोडून वर चाळणी पालथी घातली. सगळे परातीभोवती कोंडाळं करून बसले. भुंगेरा निघाला तो थेट शेंगेकडे. शास्त्रीबुवांची कळी खुलली. पण तो मावा तुडवून माघारी वळला आणि पान कुरतडू लागला.

शास्त्रीबुवा खाली वाकले. ठिपके तेच होते, मिशा मात्र मावा खाणाऱ्यांसारख्या आखूड नव्हत्या, तर लांब, दोऱ्यासारख्या होत्या. पाठ बघण्याच्या नादात त्या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. 'हा एखादाच वेगळा निघाला' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. गावानं मानलंही असतं. पण बिचारीचा वेल गेला असता.

"ठकूबाई, मी चुकलो," ते सर्वांदेखत म्हणाले. "हा पानं खाणाऱ्यांच्या कुळातला आहे. चला, वेल दाखवा."

संध्याकाळपर्यंत दोघं भुंगेरे वेचत होती. अर्धा वेल गेला, अर्धा वाचला. बियाण्यापुरत्या सहा काकड्या हाती लागल्या.

तात्पर्य: कुणाचं कूळ पाठीवरून ठरवू नये, करणीवरून ठरवावं, आणि ठरवण्यात चूक झाली, तर ती चारचौघांत कबूल करण्याइतका शहाणपणा शहाण्यापाशी असावा.