विनंतीवर चालणारं सरकार

"...मग ज्याला हुकूमच करता येत नाही, त्याला सरकार तरी कसं म्हणायचं, गुरुजी?"

सायलसचा आवाज चढला होता. म्हातारे एलिशा गुरुजी अंगणातल्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांची दृष्टी गेली होती. कोणी बोलू लागलं की ते मान किंचित कलती करून कान पुढे करत.

इंग्लंडच्या राजाशी लढता लढताच तेरा अमेरिकन राज्यांनी एक सैलसा करार करून आपलं पहिलं सरकार उभं केलं होतं. राजाचा जाच भोगलेला, म्हणून राजासारखं काहीच नको. सरकार म्हणजे नुसती एक सभा. तिनं राज्यांकडे माणसं मागायची, धान्य मागायचं, कर मागायचा. द्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

सायलस त्या सभेत आपल्या राज्याचा प्रतिनिधी होता. तिशीतला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा. पेनसिल्व्हेनियातल्या याच खेड्यात, याच गुरुजींच्या हाताखाली तो आणि त्याचा धाकटा भाऊ आमोस शिकले होते. आता फिलाडेल्फियात नव्या सरकारचा आराखडा ठरायचा होता. सायलस तिकडेच निघाला होता. वाटेत गुरुजींचा आशीर्वाद घ्यावा म्हणून थांबला, असं तो म्हणाला. खरं तर त्याला शाबासकी हवी होती.

"एक कलम बदलायचं तर तेराही राज्यांचा होकार लागतो," तो म्हणाला. "बारा हो म्हणतात, एक अडून बसतं. झालं, सगळं बारगळलं! कधी कधी तर पुरेशी माणसंच येत नाहीत. रिकाम्या खुर्च्यांची तोंडं बघत बसतो आम्ही."

"लढाई तर जिंकलात."

"कशीबशी."

"राजाशी तह कोणी केला?"

"आम्हीच."

"आणि पश्चिमेकडची ती अफाट जमीन? मोठी राज्यं तिच्यावर हक्क सांगत होती ना?"

"सोडताहेत. एकेक करून सगळ्यांच्या सामाईक मालकीची करताहेत."

"कोणाच्या हुकमावरून?"

सायलस थांबला. "...विनंती केली होती."

गुरुजी हसले. हसण्यात टोमणा नव्हता, तरी सायलसला तो लागला.

"गुरुजी, आमोसच्या पायात जोडे नव्हते."

गुरुजींचं हसू मावळलं.

लढाईतल्या एका हिवाळ्यात आमोस छावणीत होता. सभेनं राज्यांकडे जोडे मागितले. कुणी थोडे पाठवले, कुणी पुढच्या महिन्याचा वायदा केला, कुणी उत्तरच दिलं नाही. आमोस घरी आला तो गाडीत आडवा होऊन, बर्फानं काळे पडलेले पाय गोधडीत गुंडाळून. वसंत लागायच्या आत गेला. शेवटपर्यंत गुरुजी त्याच्या उशाशी होते. सायलस वेळेवर पोचू शकला नव्हता.

"त्याच्या जोड्यांसाठीही विनंतीच केली होती," सायलस म्हणाला.

गुरुजी काठी चाचपत उठले.

"चल. त्याच्याकडे जाऊन येऊ."

आमोसला ओढ्यापलीकडच्या टेकडीवर पुरलं होतं. सायलसनं गुरुजींचा दंड घट्ट पकडला आणि चालू लागला. चार पावलांतच गुरुजी ठेचकाळले.

"असं नाही रे. तू मला धरू नकोस. मी तुला धरतो."

त्यांनी त्याच्या कोपरावर हात ठेवला. इतका हलका, की आहे की नाही कळू नये. आणि काय आश्चर्य, चालणं सोपं झालं. सायलस वळला की गुरुजी वळत, तो थबकला की थबकत. लहानपणी तोच असा गुरुजींच्या बाहीला धरून ओढा ओलांडायचा, हे त्याला आठवलं. त्याचं मन थोडं निवळलं.

"आता भीती वाटत नाही," गुरुजी म्हणाले. "वाटेल तेव्हा हात काढून घेता येतो ना."

"आणि नको तिथे काढून घेतलात तर?"

"हं..." गुरुजी म्हणाले.

ओढा वितळलेल्या बर्फानं तुडुंब वाहत होता. वर एकच रुंद ओंडका टाकलेला, शेवाळानं निसरडा. मध्यावर आल्यावर गुरुजींची काठी घसरली. ती सावरायला त्यांनी सायलसच्या कोपरावरचा हात काढला, आणि पायही घसरला.

सायलसनं काही विचारलं नाही. एका हातानं कॉलर, दुसऱ्या हातानं मनगट... त्यानं म्हाताऱ्याला अक्षरशः फरफटत पलीकडे नेलं. काठी पाण्यात वाहून गेली.

दोघंही धापा टाकत उभे राहिले.

"लागलं का? मी... विचारायला वेळच नव्हता, गुरुजी."

"नव्हताच," गुरुजी म्हणाले. "विचारत बसला असतास, तर आज आमोसशेजारी आणखी एक खड्डा खणावा लागला असता."

गुरुजींचं मनगट धरून सायलस टेकडी चढू लागला. वाट सोपी होती, ऊन पडलं होतं, गवत कोवळं होतं. गुरुजींनी एकदा हात हलवून पाहिला. पकड ढिली झाली नाही.

आमोसच्या दगडापाशी दोघं थांबले. त्यावरचं नाव वाचताना सायलसला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांत तो इथे रडला नव्हता. गुरुजींना खाली बसून दगडावरून हात फिरवायचा होता. पण मनगट अजून सायलसच्या मुठीत होतं, पांढरं पडलेलं.

गुरुजींनी दुसरा हात वर केला, त्याचा ओला गाल चाचपला, आणि हळूच म्हणाले,

"सायलस, ओढा मागे राहिला, बाळा... आता सोड."