मागे न सरणारा राक्षस

वाघझरी गडाला वेढा पडला, तशी गडावर कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. रोज तिन्हीसांजेला समोरच्या टेकडीवर ताडाएवढा राक्षस उभा राही आणि त्याच्या तोंडातून ज्वाळा निघत. बैलसुद्धा दावं ओढू लागत.

एके दिवशी शत्रूचा वकील मिशांना पीळ देत सदरेवर आला.

"आमच्या राक्षसाच्या पोटात दिवसभराचं ऊन साठतं. एका फुंकरीत तुमचा बुरूज पाडेल. उद्यापर्यंत गड खाली करा!"

किल्लेदाराने कमरेच्या चाव्या काढून हातात घेतल्या. तेवढ्यात म्हातारा गोलंदाज बाळोजी पुढे झाला.

"वकीलसाहेब, एवढी आग ओकताना तो मागे किती सरतो?"

"मागे? आमचा राक्षस? बोटभरही नाही!"

बाळोजी किल्लेदाराकडे वळला. "सरकार, एक गोळा फेकताना माझी तोफ हातभर मागे येते. जेवढा जोर पुढे, तेवढा धक्का मागे. ज्याला धक्काच बसत नाही, तो बुरूज कसला पाडतो! बांबूचा सांगाडा आहे तो, आत मशाली आहेत."

किल्लेदाराने चाव्या पुन्हा कमरेला खोचल्या. वकील मागच्या पावली दाराकडे सरकू लागला.

"आता कसं!" बाळोजी म्हणाला. "एवढी मोठी थाप मारल्यावर इतकं तरी मागे सरायलाच हवं."