राहून गेलेल्या कानपिळीची कहाणी

ऐका पाठराखीण देवी, तुमची कहाणी. अक्षता हातात घ्या बायांनो, सुपारी कुरतडू नका, पोरांना मांडीवर घ्या. दार मात्र उघडं राहू द्या. बाहेर पडवीत पुरुषमंडळी प्रसादाची वाट बघत बसली आहेत, त्यांना ऐकू जायला हवं. मी आज हळू वाचणार नाही.

आटपाट नगर होतं. नगराला चार वेशी होत्या, मधोमध देऊळ होतं, देवळापुढं पार होता. त्या पारावर एक शास्त्रीबुवा रोज पोथी सांगत. पोथीत बायकांचे नेम होते. बाईनं मोठ्यानं हसू नये. बाईनं दारात उभं राहू नये. नवरा कसाही असो, तोच देव मानावा. पुरुष पुढं बसून माना डोलवत, बायका खांबाआडून ऐकत, आणि घरी जाऊन आणखी एक उपास धरत. शास्त्रीबुवांचा गळा फार गोड होता. गोड गळ्यानं सांगितलेलं लवकर पटतं.

शास्त्रीबुवांना एक मुलगा होता, त्याचं नाव त्र्यंबक. मग त्याच्यासाठी मुलगी पाहिली. पलीकडच्या गावच्या गरीब ब्राह्मणाची लेक, नाव साळू. तिला आई नाही, बहीण नाही, भाऊ नाही. मग लग्न लागलं. नवरीचे जेवढे म्हणून विधी, ते सगळे करवून घेतले, एक सुटू दिला नाही. तिला उपाशी ठेवली, गौरीहरापुढं बसवली, लहानथोर सगळ्यांच्या पाया पाडली. कन्यादानाच्या वेळी बापानं नवऱ्याला विचारलं, "धर्मात, अर्थात, कामात हिला ओलांडून जाणार नाही ना?" त्र्यंबक तीनदा म्हणाला, "नातिचरामि, नातिचरामि, नातिचरामि." म्हणजे नाही ओलांडणार. म्हणाला खरा, पण लक्ष सगळं जिलबीच्या ताटाकडे होतं.

मग कानपिळीची वेळ आली. तुम्हाला ठाऊक आहे, नवरीचा भाऊ येतो, नवऱ्याचा कान पिळतो आणि म्हणतो, माझ्या बहिणीला नीट वागव, दिलेला शब्द विसरलास तर मी आहे. साळूला सख्खा नाही, चुलत नाही, मामेभाऊसुद्धा नाही. भटजी म्हणाले, "कुणाला तरी उभं करा." शास्त्रीबुवा हसले. म्हणाले, "अहो, तो काय विधी आहे? ती आपली गंमत. राहू द्या. पानं वाढलीत, पंगत खोळंबली आहे." मग कान तसाच राहिला. एवढ्या मोठ्या लग्नात नवऱ्याला समज देणारा एकच विधी होता, नेमका तोच राहिला.

मग काय झालं? पहिलं वर्ष गेलं. त्र्यंबक तिन्हीसांजेला बाहेर पडायचा, तो उजाडल्यावर यायचा. कुठं जायचा ते सगळ्या नगराला ठाऊक होतं. साळू सासऱ्यांकडे गेली. "मामंजी, हे घरी थांबत नाहीत." शास्त्रीबुवा म्हणाले, "मुली, तुझं व्रत कमी पडतं. सोमवार धर." तिनं सोमवार धरला. दुसरं वर्ष गेलं. "मामंजी, हे माझ्याशी बोलत नाहीत." "मुली, तुझं व्रत कमी पडतं. मीठ सोड." तिनं मीठ सोडलं. तिसरं वर्ष गेलं. "मामंजी, हे माझ्यावर हात उगारतात." "मुली, तुझं व्रत कमी पडतं. पाट सोड, भुईवर बस, एकदाच जेव." साळूनं विचारलं, "आणि ह्यांनी काय सोडायचं?" शास्त्रीबुवा म्हणाले, "पुरुषाला पोथीत नेम नाही."

मग साळू वाळत चालली. बांगड्या मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जायला लागल्या. पाप एकाचं आणि उपास दुसरीला. ताप म्हशीला आणि डाग पखालीला, अशातली गत. हसू नका. तुमच्यातल्या किती जणी आज उपाशी बसल्यात ते मला ठाऊक आहे.

त्याच घरात बयो नावाची मुलगी होती. शास्त्रीबुवांच्या लांबच्या नात्यातली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, दहाव्या वर्षी नवरा गेला. डोकं भादरून, लाल लुगडं नेसवून तिला चुलीपुढं बसवली. आता ती वीस वर्षांची होती. सोवळ्यात सगळ्या घराचा स्वयंपाक करायची आणि उरलेलं खायची. एके दिवशी भाताला आधण ठेवता ठेवता तिला कोरडी उलटी आली. मग ते साळूला कळलं, शास्त्रीबुवांना कळलं, नगराला कळलं. कुणाचं, असं कुणी विचारलं नाही. जो तो म्हणाला, "हिनं काय केलं!"

शास्त्रीबुवांनी पोथी उघडली. म्हणाले, "उद्या पारावर हिच्या नावानं मडकं फोडायचं. मडकं फुटलं की ही आपल्याला मेली. मग हिला उत्तरेच्या वेशीबाहेर घालवायची. कुणी अन्न द्यायचं नाही, कुणी पाणी द्यायचं नाही. भरलेलं मडकं घरच्या सुवासिनीनं आणायचं आणि घरच्या पुरुषानं लाथेनं फोडायचं." त्र्यंबक म्हणाला, "मी फोडतो." बायांनो, असं म्हणाला तो. जीभ अडखळली नाही, घास अडकला नाही.

साळूनं बयोला जवळ घेतलं. विचारलं, "कुणाचं?" स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी होती, बयो त्या कडीकडे बघत राहिली. मग साळूला कळलं.

साळू मडकं घेऊन विहिरीवर गेली. मडकं भरेना, हात चालेनात, डोळ्यांतलं पाणी मडक्यात पडायला लागलं. तिथं काठावर एक म्हातारी बसली होती. कपाळाला कुंकू नाही, नाकात नथ नाही, पाठीवर एक गाठोडं. म्हातारी म्हणाली, "बाई, बाई, का रडतेस?" साळू म्हणाली, "तुला सांगून काय होणार? तू कोण?" म्हातारी म्हणाली, "मी पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती. तुझ्याबरोबर कुणीच आलं नव्हतं, म्हणून मी मागून निघाले. वाट लांबची, पाय म्हातारे, तीन वर्षं लागली. आता सांग."

मग साळूनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लग्नात नवऱ्याचा कान पिळला होता का?"

"नाही. मला भाऊ नव्हता."

म्हातारी अशी संतापली, की विहिरीचं पाणी उसळून काठाला आलं. "भाऊ नव्हता, पण तुला हात होते ना?"

"बायकोनं नवऱ्याचा कान धरायचा? पाप लागेल."

"कुणाला लागेल? तो करतो ते पाप नाही, आणि कान धरला तर पाप? कुठल्या पोथीत लिहिलंय, मला दाखव. बाई, मी तुला वसा देते. तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

साळू म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. घरी जा. सोमवार सोड, एकभुक्त सोड. पाट मांड, पानात मीठ वाढून घे, पोटभर जेव. बयोला शेजारी घेऊन जेव. उपाशी बोटांनी कान पिळला जात नाही. मग उद्या राहिलेला विधी पुरा कर." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. मडकं बघितलं तर काठोकाठ भरलेलं.

साळू घरी आली. वरणभात केला, भरली वांगी केली, लिंबू चिरलं, मीठ वाढलं, दोन पाट मांडले. बयो म्हणाली, "वहिनी, माझ्या पंक्तीला बसलात तर तुम्हालाही दोष लागेल." साळू म्हणाली, "लागू दे. बस. आधी जेव." वर्षभरानं साळूच्या जिभेला मीठ लागलं. दोघी रडल्या आणि दोघी जेवल्या. साळूनं भात तीनदा घेतला.

दुसरा दिवस उजाडला. पारावर नगर लोटलं. मधे मडकं ठेवलं, एका बाजूला बयोला उभी केली. शास्त्रीबुवांनी गोड गळ्यानं बायकांचे नेम वाचले. मग म्हणाले, "त्र्यंबका, फोड." त्र्यंबकानं पहिली लाथ मारली, मडकं हललं नाही. दुसरी लाथ मारली, अंगठ्याचं नख उचकटलं. तिसरी लाथ मारली, त्र्यंबक पडला, मडकं उभं. त्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "कुणाचं तरी पाप आडवं येतंय."

खांबाआडून साळू बाहेर आली. म्हणाली, "येतंय, मामंजी. दाखवते. आमच्या लग्नात एक विधी राहिला होता." आणि तिनं त्र्यंबकाचा उजवा कान धरला.

पारावर हशा पिकला. "अरे, कानपिळी! तीन वर्षांनी कानपिळी!" हसू द्या त्यांना.

साळूनं पहिला पीळ दिला. "धर्मात ओलांडणार नाही म्हणाला होतात. म्हणाला होतात ना?" त्र्यंबक म्हणाला, "अगं सोड, लोक बघताहेत." तिनं दुसरा पीळ दिला. "अर्थात ओलांडणार नाही म्हणाला होतात." त्र्यंबक म्हणाला, "घरात तुला काय कमी केलं?" ती म्हणाली, "मीठ." मग तिनं तिसरा पीळ दिला. "कामात ओलांडणार नाही म्हणाला होतात." त्र्यंबकानं दात आवळले, पण कान कुणाचं ऐकेना. तो ओरडला, "मूल माझं आहे! ती नको म्हणत होती. हातापाया पडत होती. कडी मी लावली!"

हशा थांबला. साळूनं कान सोडला. कान मात्र पिळलेलाच राहिला, लाल झालेला, सरळ होईना. आता त्यावरची बोटं साळूची नव्हती, पाठराखिणीची होती.

आणि शास्त्रीबुवा काय म्हणाले असतील? ऐका. त्यांनी पोथी मिटली, हात जोडले आणि म्हणाले, "पोर आहे. चुकलं. पोटात घाला."

तेव्हा साळू कडाडली. "तो पोर आणि ही कोण, मामंजी? तिनं काही केलं नाही तर तिला मडकं, आणि ह्यांनी सगळं केलं तर पोटात घाला? पुरुषाला नेम नाही म्हणालात. मग 'नातिचरामि' म्हणजे काय होतं? तीनदा म्हणाले हे, तुम्ही शेजारी बसला होतात. नेम होता. तुम्ही तो जिलबीबरोबर गिळलात."

मग खांबाआडची एक बाई पुढं आली. मग दुसरी आली. मग सगळ्या आल्या. जिनं तिनं आपापल्या नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्या पारावर किती पुरुषांचे हात आपापल्या कानांवर गेले, काय सांगू!

साळूनं ते मडकं उचललं. जिला कुणी पाणी द्यायचं नव्हतं, तिच्या तोंडाला लावलं. बयो घटाघटा प्यायली. मडक्यातलं पाणी कमी झालं नाही. मग साळू बयोचा हात धरून घरी गेली, आणि उत्तरेच्या वेशीतून त्र्यंबक बाहेर पडला. शास्त्रीबुवांनी पुन्हा पोथी उघडली, तर गळ्यातून आवाज फुटेना. 'नातिचरामि' हा पुरुषाचा नेम आधी म्हटला, तेव्हा कुठं फुटला. तोही घोगरा.

बयोचे दिवस भरले, तिला मुलगी झाली. मडकं कधी रितं झालं नाही, पानातलं मीठ कधी संपलं नाही. घर भरलं.

आता तुम्ही विचाराल, त्र्यंबकाचं काय? कहाणीत नवरा परत येतो, गोडाचं जेवण होतं, सगळं विसरलं जातं. तुम्हाला तेच हवंय, मला ठाऊक आहे. तर तो आला. बारा वर्षांनी आला, कान तसाच पिळलेला. दारात उभा राहिला. साळूनं त्याला पाणी दिलं. बयोनं आतून कडी लावली. पाट कुणीच मांडला नाही. मग तो पाणी पिऊन गेला.

पुढं मुलगी लग्नाची झाली. सगळं झालं, कानपिळीची वेळ आली. भटजी म्हणाले, "नवरीला भाऊ नाही, राहू द्या." साळू उठली, बयो उठली. एक कान एकीनं धरला, दुसरा दुसरीनं. पंगत खोळंबली, जिलबी गार झाली, तरी सोडला नाही. नवरा मुलगा शहाणा निघाला. म्हणाला, "पिळा नीट. मला आठवण राहायला हवी."

जशी पाठराखीण देवी साळूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. बोटांत बळ येवो, पानात मीठ येवो, कडी आपल्या हातात राहो. उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका. आणि हे शेवटचं आजपासून फक्त आपल्याला नाही. साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरी सुफळ झाली. संपूर्ण मी म्हणत नाही. आधी कुणीतरी पडवीत जा आणि बघून या, किती जणांनी ऐकली ते.